पणजी-मडगावच्या पालिकेत घराण्यांचं राज्य: दोष आडनावाचा की पॅनल पद्धतीचा?

मळेकर

पालिकेची निवडणूक लागली की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, "पॅनल कोणाचं?" म्हणजे कोणत्या नेत्याने उभा केलेला उमेदवारांचा गट. जाहीरनामा कुठला, कचऱ्याचं काय करणार, हे कोणी विचारत नाही. उत्तरात एखाद्या आमदाराचं नाव येतं, आणि हल्ली त्यामागे त्याचं घर येतं.

पणजीचं उदाहरण सर्वांना माहीत आहे. २० मार्च २०२१ ला महापालिकेची निवडणूक झाली. भाजपचा पाठिंबा असलेल्या बाबूश मोन्सेरात यांच्या पॅनलला ३० पैकी २५ जागा मिळाल्या आणि त्याच महिनाअखेरीस त्यांचे चिरंजीव रोहित महापौर झाले. बाबूश पणजीचे आमदार, पत्नी जेनिफर २०१२ पासून ताळगावच्या आमदार. हे सगळं मतदानातून आलेलं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती पद्धतीबद्दल. २०२० ची जिल्हा पंचायत निवडणूक पक्षांच्या चिन्हांवर झाली, पालिकेची मात्र कागदोपत्री पक्षाविना होते. पक्ष म्हटला की नोंदणी आली, घटना आली, पदाधिकारी आले, हिशेब आला. पॅनलला यातलं काहीच लागत नाही. पाच वर्षांनी जाब विचारायचा तर पॅनल नावाची वस्तूच जागेवर नसते. अशा वेळी टिकून राहणारी गोष्ट एकच उरते, नेत्याचं घर. म्हणून माझं म्हणणं आहे की पालिका निवडणूकही चिन्हावर घ्या, नाहीतर निदान पॅनलची नोंदणी सक्तीची करा.

रायबंदरवाला

मळेकरबाब, पटलं नाही. २०११ च्या जनगणनेत पणजीची लोकसंख्या सुमारे ४० हजार होती आणि प्रभाग आहेत ३०. म्हणजे एका प्रभागात तेराशेच्या आसपास माणसं, त्यात लहान मुलंही आली. एवढ्याशा वाड्यावर लोक चिन्ह बघून मत देतील? जूनच्या पहिल्या पावसात आमच्या गल्लीतलं गटार तुंबलं, पाणी पायरीपर्यंत आलं. पहाटे फोन केला तर नगरसेवक स्वतः दोन माणसं आणि पहार घेऊन हजर. फरशी उचकटली, प्लास्टिकचा गोळा बाहेर काढला, पाणी ओसरल्यावरच गेला. तो कोणाच्या पॅनलचा हे मी का विचारू?

आणि चिन्हाचं कौतुक गोव्यात तरी करू नका. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे १० आमदार एकगठ्ठा भाजपमध्ये गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा ८ गेले. चिन्हावर निवडून आलेल्यांनी काय दिवे लावले? घर निदान पत्ता बदलत नाही. रात्री दार ठोठावलं तर कोणीतरी उघडतं. दिल्लीत बसलेल्या हायकमांडचं दार ठोठवायला मी कुठे जाऊ?

मळेकर

त्या १० जणांत पणजीचे आमदारही होते, हे तुम्ही गाळलंत. मे २०१९ च्या पोटनिवडणुकीत ते काँग्रेसच्या हातावर निवडून आले होते आणि जुलैत भाजपमध्ये गेले. पत्ता बदलला नाही, पाटी बदलली. लोकांनी मत दिलं त्या पाटीला काही अर्थ होता की नव्हता?

रायबंदरवाला

अर्थ पणजीकरांनी २०२२ मध्ये लावला. त्याच आमदाराला भाजपच्या चिन्हावर परत निवडून दिलं, तेही समोर मनोहर पर्रीकरांचे चिरंजीव उत्पल अपक्ष उभे असताना. आडनावालाच मत पडत असतं तर पणजीत पर्रीकरांहून मोठं आडनाव कोणतं?

मळेकर

फरक ७१६ मतांचा होता. एवढ्या फरकावर आडनावाचा जोर संपला असं मी म्हणणार नाही.

आके_मडगाव

पणजीवाल्यांनो, जरा मडगावकडेही बघा. आमच्याकडे घराणं म्हणावं असं एक नाही, दोन नेत्यांची दोन पॅनलं. मडगाव पालिकेतल्याच फातोर्ड्यात विजय सरदेसाईंचं फातोर्डा फॉरवर्ड, मडगावात दिगंबर कामत यांचं मॉडेल मडगाव. नगरसेवक २५. परिणाम मात्र तोच.

सोनसोड्याचा कचऱ्याचा डोंगर आमच्या डोक्यावर कित्येक दशकं आहे. मे २०१९ मध्ये तो पेटला तेव्हा दारं-खिडक्या लावून बसलो तरी धूर घरात येत होता, दोरीवरच्या कपड्यांचा वास धुऊनही जात नव्हता. याला जबाबदार कोण? जो तो समोरच्या पॅनलकडे बोट दाखवतो, आणि दोघांचं थोडं थोडं खरंही असतं. त्यामुळे कोणालाच धरता येत नाही. मळेकरांच्या मुद्द्याला माझा पाठिंबा आहे तो एवढ्याचसाठी. घराणं असो वा नसो, पॅनल ही निसटून जायची सोय आहे.

आणि कायदा कोणासाठी वळतो तेही सांगतो. २०२२ मध्ये कामत भाजपमध्ये गेले, त्याच सुमारास नगराध्यक्षपदासाठी गुप्त मतदान झालं. आकडे बाजूने असूनही सत्ताधाऱ्यांचा उमेदवार पडला. मग सरकारने कायद्यात बदल करून हात वर करून मतदान आणलं. पालिका पक्षाविना असते म्हणणाऱ्यांना नगरसेवकांचे हात मोजायची एवढी घाई का होती?

शारदा_म्हापसा

बाईच्या बाजूने कोणी बोललंच नाही म्हणून लिहिते. प्रभाग महिलांसाठी राखीव झाला की विद्यमान नगरसेवक बायकोला उभी करतो. प्रचारपत्रकावर तिच्या फोटोशेजारी त्याचा फोटो, खाली फोन नंबर त्याचा. निवडून आल्यावर लोक फोन करतात तेही त्यालाच. आरक्षणातून आलेली जागा घरातल्या घरात राहते.

बरं, हे आरक्षणसुद्धा सरळ मिळालेलं नाही. २०२१ मध्ये मडगाव, मुरगाव, म्हापसा, केपे आणि सांगे या पाच पालिकांची प्रभाग राखीवता उच्च न्यायालयाने रद्द केली, कारण त्यात महिलांचा एक तृतीयांश वाटा नीट दिलेला नव्हता. १२ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला आणि राज्याच्या कायदा सचिवाकडेच निवडणूक आयुक्तपद दिल्याबद्दल सरकारला सुनावलं. प्रभाग कोणाला राखीव, हे सत्तेतल्यांच्या सोयीने ठरत असेल तर चिन्ह आणून काय होणार? आधी आयोग स्वतंत्र हवा.

रायबंदरवाला

शारदाताई, आयोगाचं शंभर टक्के मान्य. पण घरातली बाई म्हणजे बाहुलीच, असं धरू नका. शशिकला काकोडकर १९७३ मध्ये वडील, मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या निधनानंतर मुख्यमंत्री झाल्या तेव्हाही लोक म्हणाले असतील, बापाची गादी मिळाली. १९७७ ची निवडणूक त्यांनी स्वतःच्या नेतृत्वाखाली जिंकून दाखवली. मुंडकारांना, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीवर घर करून राहणाऱ्यांना, संरक्षण देणारा १९७५ चा मुंडकार कायदा त्यांच्याच सरकारचा. ज्यांच्या डोक्यावरचं छप्पर त्या कायद्याने वाचलं त्यांना जाऊन विचारा, घराणं वाईट का.

शारदा_म्हापसा

शशिकलाताईंचं नाव मी आदरानेच घेते. पण त्यांच्यामागे मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्ष होता, त्याचे गावोगावचे कार्यकर्ते होते. १९७९ मध्ये त्यांचं सरकार त्यांच्याच पक्षातले आमदार फुटल्यामुळे पडलं, पुढे त्या काँग्रेसमध्ये गेल्या, तरी मगो उरला. आज आपण ज्या पॅनलांबद्दल बोलतोय त्यातलं एक तरी नेता गेल्यावर उरेल का?

कुंकळ्ळी_७

घराण्यांची एवढी धास्ती कशाला? २०१२ मध्ये आलेमाव कुटुंबातले चौघे काँग्रेसच्या तिकिटावर उभे होते, नावेलीत चर्चिल, कुंकळ्ळीत ज्योकिम, सांगेत युरी, बाणावलीत वालंका. चारही पडले. गोंयकार मनात आणतो तेव्हा एका दिवसात हिशेब चुकता करतो.

आके_मडगाव

आणि पुढे? २०१७ मध्ये चर्चिल बाणावलीतून परत आले, २०२२ मध्ये युरी तुमच्याच कुंकळ्ळीतून निवडून आले आणि विरोधी पक्षनेते झाले. लोकांनी ते काम बघून केलं असेल, माझं काही म्हणणं नाही. पण २०२२ च्या ४० जणांच्या विधानसभेत तीन जोडपी नवरा-बायको आमदार म्हणून गेली. बाहेरच्याला उभं राहायला जागा कुठे उरते तेवढं सांगा.

मळेकर

रायबंदरवाल्यांच्या गटाराच्या गोष्टीकडे परत येतो, कारण मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. तुमचा नगरसेवक पहार घेऊन आला, चांगलंच केलं. पण पाऊस सुरू व्हायच्या आधी गटार उपसणं हे पालिकेचं काम होतं. ते झालं नाही म्हणून पहाटे फोन करावा लागला, आणि काम झाल्यावर आपण उपकार मानले. चतुर्थीच्या बाजारात माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांचं, सामान घेऊन बसणाऱ्या बायांचं तेच. कवंडाळं, आंबाडे, सुपारीचे घोस गोणपाटावर मांडलेले असतात, सोपो, म्हणजे बाजारात बसायचा कर, घेणारा येतो, पैसे घेऊन पावती फाडतो. पावती मिळाली म्हणजे त्या जागेवर बसायचा तिचा हक्क झाला. तरी ती "अमक्याने बसू दिलं" असंच सांगते. भाटकारासमोर मुंडकार जसा हात जोडून उभा राहायचा तसे आपण स्वतःच्याच पालिकेसमोर उभे आहोत.

शारदाताईंची आयोगाची मागणी मी माझ्या मागणीच्या वर ठेवतो. त्यानंतर पॅनलची नोंदणी, खर्चाचा हिशेब आणि छापील जाहीरनामा. रायबंदरवाले, यातल्या कुठल्या गोष्टीने तुमच्या नगरसेवकाला पहाटे यायला अडचण होईल?

रायबंदरवाला

अडचण होणार नाही. हिशेब आणि जाहीरनामा मलाही चालेल. चिन्हाला मात्र माझा विरोध कायम आहे. चिन्ह आलं की प्रभागाची उमेदवारी पणजीबाहेर ठरेल, आणि आज आमच्या वाड्यावरून अपक्ष उभं राहायची हिंमत करणारा पोरगा घरी बसेल.