ब्रिटनशी व्यापारकरार: राज्य सरकारचा पाठिंबा नाशिकच्या बांधापर्यंत पोचणार का?

निफाडचा बागायतदार

२४ जुलै २०२५ ला ब्रिटनमध्ये भारत-ब्रिटन व्यापारकरारावर सह्या झाल्या. आपल्या द्राक्षांवरचं तिकडचं आयातशुल्क त्यात जातं. राज्य सरकार त्याच्या बाजूने आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान कीर स्टार्मर मुंबईत येऊन गेले, तेव्हाही ते दिसलं. सरकारच्या या भूमिकेवर आपल्या जिल्ह्यात दोन तट पडलेत, म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगतो. सरकार बरोबर करतंय. चिली, पेरू, दक्षिण आफ्रिका यांचे ब्रिटनशी करार कधीचे झालेत. आपली द्राक्षं जानेवारी ते एप्रिलमध्ये तिकडे पोचतात, तेव्हा चिली आणि आफ्रिकेचा मालही त्याच फळीवर असतो. त्यांनी सवलतीत विकायचं आणि आपण शुल्क भरून, ही शर्यत मुळातच असमान होती. गारपीट आणि डावणी (द्राक्षावरचा बुरशीरोग) आपल्या हातात नाही, हे शुल्काचं तरी सुटलं.

तुमचं काय म्हणणं?

दिंडोरीकर

भाऊ, शुल्क माफ झालं की तो पैसा तुमच्या हातात येईल हे कोणी सांगितलं? भाव ठरवतात तिकडच्या सुपरमार्केटच्या साखळ्या, त्यांच्याखाली आयातदार, त्यांच्याखाली आपला निर्यातदार. आपण सगळ्यात शेवटी. मणी अठरा मिलिमीटरचा, साखर बरोबर, घडाला एक डाग नाही, तरी पॅकहाऊसवर अर्धा माल ‘लोकल’ म्हणून परत येतो. शुल्काचे दोन-चार टक्के या साखळीत कुठे मुरतील ते मला दिसतंय.

आणि खरी अडचण शुल्काची कधी नव्हतीच. २०१० आठवतंय ना? क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले म्हणून युरोपच्या बंदरांत आपले कंटेनर अडकले. आमच्याकडे वर्षानुवर्षं सगळे छाटणीनंतर तेच वापरत होते. त्याची तपासणी होणार आहे हे आम्हाला हंगामाआधी कोणी सांगितलं नाही. माझ्या वडिलांनी त्या वर्षीचं कर्ज फेडायला पुढची सहा वर्षं घेतली. करारावर सही करणाऱ्यांनी ती चाळण बारीक की मोठी यावर काय मिळवलं ते सांगा, मग मी स्वागत करतो.

निफाडचा बागायतदार

दादा, २०१० ची जखम माझ्याकडेही आहे. पण त्यानंतर आपण शिकलो. आज प्लॉटची नोंदणी, फवारणीची वही, औषधांच्या उर्वरित अंशाचा अहवाल या सगळ्यातून गेल्याशिवाय माल हलत नाही. पुण्याजवळच्या मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राची यादी बघूनच औषध घेतो. चाळण बारीक आहे हे मान्य, पण ती सगळ्या देशांना सारखीच आहे. शुल्क मात्र सारखं नव्हतं.

साखळीत पैसा मुरतो, हे तुमचं खरं आहे. त्याला उत्तर करार मोडणं नाही. शेतकऱ्यांच्या कंपन्यांनी स्वतः निर्यात करायची, मोहाडीत सह्याद्री फार्म्सच्या रूपात ते उभं राहिलेलं आपण बघतोच आहोत.

सातपूरचा लघुउद्योजक

आमच्या बाजूचं थोडक्यात सांगतो. सातपूर-अंबडला शेकडो लहान युनिटं इलेक्ट्रिकल आणि गाड्यांचे सुटे भाग बनवतात. निर्यातीचं शुल्क गेलं तर चांगलंच. भीती होती ती सरकारी खरेदीत ब्रिटिश कंपन्या शिरण्याची. पण ती मुभा केंद्राच्या मोठ्या निविदांपुरतीच आहे, राज्यांची आणि महापालिकांची खरेदी बाहेर ठेवली आहे. म्हणून मी बाजूने.

विंचूरची वाइन द्राक्षं

मला काळजी वेगळी आहे. २००१ च्या धोरणाने सरकारने आम्हाला वाइनची द्राक्षं लावायला लावली, आणि आता तेच परदेशी बाटलीला दार उघडतंय. आमचा माल कोण घेणार?

सातपूरचा लघुउद्योजक

काका, या करारात वाइन नाही. व्हिस्की आणि जिन आहे: १५० टक्क्यांवरून आधी ७५, मग दहा वर्षांत ४०. वाइनवरची सवलत २०२२ च्या ऑस्ट्रेलिया करारात दिली गेली, तीही ठराविक किमतीवरच्या बाटल्यांना. युरोपीय संघाशी झालेल्या बोलण्यांत मात्र वाइन आहे. तुमची काळजी खरी आहे, पण ती तिकडे वळवायला हवी. राज्याने दिल्लीत नेमकं त्यावर बोलायला हवं होतं.

लासलगावची लेक

मी कांद्यावर बोलते, कारण इथे कुणी बोललं नाही.

८ डिसेंबर २०२३. त्या दिवशी निर्यातबंदी लागली. माझे वडील सकाळी ट्रॅक्टर भरून बाजार समितीत गेले होते. लिलाव बंद पडले. भाव दोन-तीन दिवसांत कुठल्या कुठे गेले. चांदवडला महामार्गावर लोक बसले. त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लावलंच होतं. बंदी उठली मे २०२४ मध्ये, तीही निवडणुका सुरू असताना, आणि टनामागे ५५० डॉलर किमान दर आणि ४० टक्के शुल्क घेऊनच. शेवटचं शुल्क १ एप्रिल २०२५ ला गेलं. म्हणजे पहिल्या शुल्कापासून जवळपास वीस महिने.

त्या काळात आमचं दार ब्रिटनने बंद केलं नव्हतं. आपल्याच देशाने केलं होतं. आमचं नेहमीचं गिऱ्हाईक मलेशिया, श्रीलंका, आखात. ते आपल्यासाठी थांबलं नाही, पाकिस्तानकडे गेलं. एकदा विश्वास गेला की पुढच्या वर्षी ते आधी फोन दुसऱ्याला करतात.

परदेशाशी करार हा केंद्राचा विषय, शेती राज्याचा. मग राज्य सरकारने नुसतं स्वागत करून थांबू नये. ‘आम्ही पाठिंबा देतो, पण हंगाम सुरू झाल्यावर निर्यातीवर बंदी किंवा शुल्क लावणार नाही असं लेखी द्या,’ एवढं दिल्लीला सांगायची ताकद लावावी. भाव वाढला की इथल्या गिऱ्हाइकाला कांदा स्वस्त हवा, मान्य आहे. मग सरकारने बाजारभावाने विकत घेऊन द्यावा. तो बोजा एकट्या शेतकऱ्याच्या पाठीवर का?

दिंडोरीकर

ताई, मी इतका वेळ शब्द शोधत होतो ते तुम्ही बोललात. माझा विरोध कराराला कमी आणि या अर्धवट पाठिंब्याला जास्त आहे. त्यात माझी एक भर घाला. तपासणीचा खर्च राज्याने उचलावा आणि प्रयोगशाळा तालुक्याला असावी. दोन एकरवाल्याला दर प्लॉटचा अहवाल परवडत नाही, म्हणून तो निर्यातीत उतरतच नाही.

निफाडचा बागायतदार

मी सरकारच्या बाजूनेच राहणार. करार हातचा जाऊ देणं मला मान्य नाही. पण ताईंचं लेखी हमीचं म्हणणं मी माझ्या पहिल्या पोस्टमध्ये घ्यायला हवं होतं, ते राहिलं. ऑक्टोबर छाटणीच्या आधी आमच्या गटाची बैठक आहे. त्यात आमदारांना द्यायच्या निवेदनात ही दोन कलमं टाकतो: हंगामात बंदी नाही आणि तालुक्याला प्रयोगशाळा. दिंडोरीकर दादा, तुमच्या गावातून किती सह्या मिळतील?

दिंडोरीकर

चाळीस तरी. बैठकीची तारीख कळवा, मी स्वतः घेऊन येतो.