अनुभव धागा: लाटेवर उभं राहायला गेलो तो दिवस

परवा रिक्षात चढताना खांदा पुन्हा कुरकुरला आणि ठरवलं, हा धागा काढायचाच. बेटावर सुट्टीला जाऊन सर्फिंग केलेल्या मुंबईकरांनी इथे लिहा. पडलात, पाणी प्यायलात, नुसत्या पिशव्या सांभाळत बसलात, सगळं चालेल. फोटो नकोत, खरं काय झालं ते सांगा. सुरुवात माझ्यापासून.

दादर

जानेवारीत आम्ही तिघं श्रीलंकेला गेलो होतो, वेलिगामाला. माझं वय ४६, पोहणं तलावातलं, तेही पाय टेकतात त्या बाजूचं. वेलिगामाचा उपसागर अर्धगोल आणि तळाला वाळू, म्हणून नवशिके तिथेच जातात. बोर्ड नऊ फुटी, फोमचा. शिकवणारा पोरगा विशीतला. मला ‘अक्का’ म्हणायचा. सिंहलीतही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात हे कळलं आणि निम्मी भीती गेली.

आधी त्याने वाळूतच पालथं झोपवलं. तळवे बरगड्यांशी, नजर समोर आणि एका दमात उभं राहायचं. मग मी बेसावध असताना पाठीत हलकेच ढकललं. जो पाय आपसूक पुढे पडला, तो बोर्डवरही पुढे.

वाळूत सगळं जमलं. पाण्यात गुडघ्यांवर यायचे आणि तिथेच थांबायचे, पूजेला बसल्यासारखी. लोकलमध्ये उभं राहायची सवय कामाला येईल असं वाटलं होतं. नाही आली. लोकलमध्ये पडायला जागाच नसते!

अकराव्या का बाराव्या खेपेला उभी राहिले. फार तर तीन सेकंद. लाट आधीच फुटलेली, नुसता पांढरा फेस, पाणी कमरेएवढं. पण पायाखाली काहीतरी मला घेऊन चाललंय आणि मी काहीच करत नाहीये, हे फार वेगळं होतं. किनाऱ्याकडे बघते तर नवरा मोबाईलमध्ये.

दुसऱ्या दिवशी हात खांद्याच्या वर जाईना. वेणी लेकीने घातली. आणि हो, पूर्ण बाह्यांचा अंगाला घट्ट बसणारा टीशर्ट घालाच, नाहीतर बोर्ड घासून पोट सोलवटून निघतं.

कांदिवली

दादरताई, तीन सेकंद म्हणजे खूप झाले. आम्ही बालीला, कुटाला गेलो होतो. लग्नानंतरची पहिली सहल, त्यामुळे शिकवणारा न घेता नुसता बोर्ड भाड्याने घेतला. बायकोसमोर शायनिंग, दुसरं काय.

लाटा फुटत होत्या त्यांच्या मधोमध एक शांत पट्टा दिसला. म्हटलं, इथून आत जाऊ. पाच मिनिटांत छत्र्या काडेपेटीएवढ्या झाल्या. लाटांनी आणलेलं पाणी परत जायची ती वाट असते, म्हणून तिथे लाट फुटत नाही. मी वेड्यासारखा सरळ किनाऱ्याकडे हात मारत होतो आणि जागचा हलत नव्हतो. एक ऑस्ट्रेलियन आजोबा बोर्डवर आडवे आले आणि हाताने खूण केली, बाजूला, बाजूला. किनाऱ्याला समांतर गेलो, ओढ सुटली, मग एका फेसाळ लाटेनेच वाळूवर आणून टाकलं.

वर बोर्डाला आधीच असलेल्या तड्याचे पैसे माझ्याकडून घेतले. बोर्ड घेताना दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा.

खारदांडा

आम्ही कोळी, त्यामुळे घरी सांगायची चोरी. मी लिटल अंदमानला गेलो होतो. पोर्ट ब्लेअरहून बोटीने हट बे, पुढे बटलर बे. उभं राहिलो, मस्त वाटलं. परत आल्यावर बाबांना मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. त्यांनी दोनदा पाहिला आणि म्हणाले, “लाट फुटते तिथून आपण होडी लांब ठेवतो. तू पैसे भरून तिथेच गेलास?”

यावर माझ्याकडे उत्तर नाही.

विलेपार्ले

मी पिशव्या सांभाळणाऱ्यांतली. मजा आली. पण एक विचारायचंय, मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत वेलिगामा चालेल का? आणि मग जुहूलाच का नाही शिकत कोणी?

दादर

पार्लेताई, मेमध्ये नको. तिथला मोसम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, पुढे त्या बाजूला आपल्यासारखाच नैऋत्य मोसमी पाऊस. तेव्हा लोक पूर्व किनाऱ्यावर अरुगम बेला जातात. बालीत एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा मोसम, त्यामुळे मेसाठी ते बरं.

जुहूचं म्हणाल तर हिवाळ्यात लाट घोट्याला लागते. पावसाळ्यात उसळते, पण तेव्हा समुद्र खवळलेला, वर ते डंख मारणारे, जेलीफिशसारखे निळे ब्लूबॉटल वाळूवर येऊन पडतात. वेलिगामाच्या लाटा खूप दूर, दक्षिणेकडच्या वादळांत उठतात आणि वाटेत नीटनेटक्या होऊन येतात, असं तो पोरगा सांगत होता.

मुलुंड

पोहता येत नसेल तर? आणि चष्मा?

दादर

आधी पोहायला शिका. बोर्ड पायाला बांधलेला असतो खरा, पण माझ्या शेजारच्या बाईंचा पट्टा तुटला आणि बोर्ड एकटाच किनाऱ्याला गेला.

चष्म्याला मी दोरी लावली होती. दोरी परत आली.