अग्निवीर जीडीची ऑनलाइन परीक्षा: तारीख, सेंटर आणि निगेटिव्ह मार्किंग

जतकर
धाकट्या भावाचा आर्मी अग्निवीर जीडीचा (जनरल ड्युटी) फॉर्म भरायचाय. राहणार जत तालुका, दहावी सेमी-इंग्रजीतून. परीक्षेची तारीख आपल्याला निवडता येते का? बारावीची प्रॅक्टिकल मधे आली तर काय? सेंटर कुठलं टाकावं? आणि येत नाहीत ते प्रश्न सोडायचे की ठोकून द्यायचे? क्लासवाले म्हणतात, अजिबात हात लावू नको.

मिरज_जंक्शन
तारीख निवडता येत नाही. परीक्षा बरेच दिवस शिफ्टमध्ये चालते. तुमचा दिवस आणि शिफ्ट ॲडमिट कार्डावरच कळते आणि नंतर बदलून मिळत नाही. प्रॅक्टिकलचं कॉलेजातच आधी बोलून ठेवा.

सेंटरसाठी पाच शहरं पसंतीक्रमाने मागतात, सहसा त्यातलं एक मिळतं. पाचवी जागा भरायची म्हणून लांबचं शहर टाकलंत तर तेही वाट्याला येऊ शकतं. जतहून नुसतं सांगलीला यायलाच दोन-अडीच तास मोडतात, त्यामुळे सकाळची शिफ्ट आली तर पहाटेच्या एसटीच्या भरवशावर राहू नका, आदल्या रात्रीच मुक्कामाला जा. गेट बंद झालं की विषय संपला.

खरा घोळ नावात होतो. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, आधारवर बहुतेकांचं शेवटी. फॉर्म मार्कशीटप्रमाणेच भरायचा, स्पेलिंगसकट. चव्हाणमध्ये एच एक की दोन, एवढ्यावरून कागदपत्रं तपासताना अडकतं. आधारवर वेगळं असेल तर आधी आधार दुरुस्त करून घ्या.

फी ५०० असते, त्यातले २५० उमेदवाराचे. पैसे कापले म्हणजे फॉर्म गेला असं नाही. रोल नंबर पडला पाहिजे. तो नसेल तर फॉर्म अर्धवट आहे.

गणित_मास्तर
क्लासवाल्यांचं गणित चुकतंय. जीडीला ५० प्रश्न, १०० गुण, एक तास. बरोबर उत्तराला २, चुकीला अर्धा गुण वजा. चार पर्यायांत डोळे झाकून टिक केली तरी सरासरी निघते ती अशी: २ चा पाव म्हणजे ०.५०, त्यातून अर्ध्याचा पाऊण म्हणजे ०.३७५ वजा. राहिले ०.१२५. म्हणजे तोटा नाही, पण फायदाही नावालाच. एक पर्याय नक्की चूक आहे हे कळलं तर तेच ०.३३ होतं, दोन कटले तर ०.७५. म्हणून नियम सोपा: एक तरी पर्याय कटला तर टिक करायची, नाहीतर पुढे जायचं.

वेळ मात्र वाटून घ्या. सामान्य ज्ञान १५, विज्ञान १५, गणित १५, रिझनिंग ५. पहिल्या ३० प्रश्नांत विचार करण्यासारखं फारसं नसतं, येतं किंवा येत नाही. ते १५-१८ मिनिटांत उरकले की गणिताला अर्धा तास मोकळा मिळतो. पोरं उलटं करतात: चक्रवाढ व्याजाच्या एका गणितात पाच मिनिटं घालवतात आणि विज्ञानाचे सोपे दोन गुण शेवटी वाचायचेच राहतात. कॅल्क्युलेटर नसतो, तेव्हा ३० पर्यंतचे वर्ग आणि १५ पर्यंतचे घन पाठ हवेतच. ३५ ला पास, पण तेवढ्यावर मेरिट लागत नाही. शिफ्ट अवघड आली तर रडू नका, गुण नॉर्मलाइज होतात, म्हणजे पेपर किती अवघड होता ते धरून सगळ्या शिफ्टचे गुण एका मापात आणतात.

जतकर
आभारी आहे सर. मराठीतून पेपर घ्यावा का?

मिरज_जंक्शन
२०२५ पासून १३ भाषांत परीक्षा आहे, त्यात मराठी आहे. पण भाऊ सेमीचा ना? त्याने विज्ञानात ॲक्सेलरेशन शिकलंय. पेपरात ‘त्वरण’ आणि ‘अपवर्तन’ आलं की तो तिथंच थबकेल. पाठ्यपुस्तक मंडळाचं मराठी माध्यमाचं नववी-दहावीचं विज्ञान त्याच्या हातात द्या. दोन पानं अडखळल्याशिवाय वाचली तर मराठी, नाहीतर इंग्रजी. हे फॉर्म भरण्याआधी बघा, कारण भाषा फॉर्ममध्येच निवडायची असते.