अँड्रॉइडचा कोड ओपन आहे तर माझा फोन का अडकलाय?

प्रश्न: कोड कुणीही घेऊ शकतं ना, मग माझ्या 4 वर्षं जुन्या फोनला नवीन व्हर्जन का नाही, स्क्रीन बॅटरी सगळं ठणठणीत आहे हो, टाकून द्यायला मन होत नाही.

टेक_मावळा: एओएसपी, म्हणजे अँड्रॉइडचा खुला मूळ कोड, अपाची लायसन्सवर आहे, त्यात कंपनीने केलेले बदल दाखवायलाच हवेत असं नाही. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा हार्डवेअरशी बोलणारा गाभा, जीपीएल लायसन्सचा, तो कोड मात्र द्यावाच लागतो. पण कॅमेरा, मोडेम (नेटवर्कची चिप) चालवणारे ड्रायव्हर प्रोग्राम बंदच, कोड मिळत नाही, तिथेच घोडं अडतं.

रात्रपाळी: कर्नल सोर्ससाठी मी कंपनीला 3 मेल टाकले, एकाचंही उत्तर नाही, चीड येते राव.

जुना_नोकियावाला: सिम्बियनचा, म्हणजे नोकियाच्या जुन्या स्मार्टफोनमधल्या सिस्टिमचा, अख्खा कोड फेब्रुवारी 2010 ला खुला केला, पण त्याच वर्षी सॅमसंग, सोनी एरिक्सन सिम्बियनमधून बाहेर पडले, कोड खुला करायला फार उशीर झाला.

टेक_मावळा: मॉडेल नंबर टाक, लिनिएजओएस, म्हणजे अँड्रॉइडच्या खुल्या कोडवरून स्वयंसेवकांनी बनवलेली सिस्टिम, त्यावर चालते का बघतो.