मदत हवी आहे: घरचा माइनक्राफ्ट सर्व्हर घरात चालतो, बाहेरून कुणालाच जोडता येत नाही

गोदाकाठ | शुक्रवार, रात्री ९:१२
पोरांसाठी घरच्या जुन्या डेस्कटॉपवर माइनक्राफ्टचा सर्व्हर टाकलाय. घरात मुलगा त्याच्या लॅपटॉपवरून आरामात खेळतो. पण भाचा पुण्याहून आणि पुतणी कोल्हापूरहून जोडायला गेली की "कनेक्शन टाइम्ड आउट". पोर्ट फॉरवर्ड केलंय (बाहेरून आलेलं जोडणं राउटरने सर्व्हरकडे धाडावं म्हणून), फायरवॉल बंद करून पाहिली, राउटर बंद-चालू केला. सगळ्या व्हिडिओंत एवढंच सांगतात आणि त्यांचं लगेच चालतं. उद्या दुपारी सगळी भावंडं खेळायला बसणार आहेत, सुट्टी संपत आली. काय राहिलंय ते लवकर सांगा.

बोरकूट | ९:२०
ताई, माइनक्राफ्ट जावा (कॉम्प्युटरवरचं) की बेडरॉक (मोबाइल-टॅबवरही चालणारं)? आवृत्ती कोणती? जावाचा पोर्ट २५५६५, टीसीपी. बेडरॉकचा १९१३२, यूडीपी. राउटरच्या पानावर टीसीपीच्या जागी यूडीपी निवडलं गेलं तरी हेच दिसतं. आणि नेट कसलं आहे, फायबर, केबल की सिमकार्डवालं? मुलं नेमका कोणता पत्ता टाकताहेत?

टर्मिनलवाला | ९:२६
विंडोज असेल तर आधी ते काढा. डेबियन लिनक्स टाका, त्यावर जावा २१ (सर्व्हर चालायला लागणारा प्रोग्राम), मग पेपर, म्हणजे प्लगइन चालवणारा माइनक्राफ्ट सर्व्हर. माझा सर्व्हर असाच चालतो आणि महिनोन् महिने हात लावावा लागत नाही. विंडोज मध्येच अपडेट घेऊन रीस्टार्ट होतं आणि खेळणारी पोरं बाहेर फेकली जातात.

निळी_शाई | ९:३१
उद्या दुपारपर्यंत हवं असेल तर रेल्म्स घ्या, माइनक्राफ्टवाल्यांचाच भाड्याचा सर्व्हर. मालक आणि आणखी दहा जण एका वेळी खेळू शकतात. पोर्ट नाही, राउटर नाही. महिन्याचे पैसे भरा आणि मोकळे व्हा.

गोदाकाठ | ९:३८
जावा, १.२१.४. पोर्ट २५५६५ टीसीपी, दोनदा तपासलाय. विंडोज काढता येणार नाही, त्याच मशीनवर यांचा टॅलीचा डेटा आहे. रेल्म्स नको, मुलाने पेपरवर प्लगइन चढवलेत, ते रेल्म्सवर चालत नाहीत. मूळ प्रश्न एवढाच आहे की घरात चालतं आणि बाहेरून नाही.

सर्किट_सातारा | ९:४१
ज्या मशीनवर हिशेब आहेत त्याच मशीनची फायरवॉल बंद आहे आणि पोर्ट जगासाठी उघडा केलाय? ताई, फायरवॉल आत्ता चालू करा, बाकीचं नंतर. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतली भानगड बाहेर आली तेव्हा माइनक्राफ्टच्या सर्व्हरवर नुसत्या चॅटमध्ये एक ओळ टाकून समोरच्या मशीनवर हवा तो कोड चालवता येत होता. १.१८.१ मध्ये ते दुरुस्त झालं, तुमची आवृत्ती त्यानंतरची आहे. पण पुढची भानगड सांगून येणार नाही. फायरवॉल चालू ठेवून तिच्यात फक्त २५५६५ ला वाट द्या. आणि सर्व्हरसाठी विंडोजमध्ये वेगळं साधं खातं काढा, ॲडमिनच्या खात्यातून तो चालवू नका.

टर्मिनलवाला | ९:४५
म्हणूनच म्हणतोय, डेबियन.

बोरकूट | ९:४६
डेबियन टाकून हा प्रश्न सुटणार नाही. घरातल्या लॅपटॉपवरून जोडलं जातंय म्हणजे सर्व्हर ठीक आहे. ताई, तो पत्ता सांगा ना. आणि राउटरच्या पानावर "वॅन आयपी" म्हणून जो आकडा आहे तोही. पूर्ण नको, पहिले दोन भाग पुरेत.

अण्णा_रंकाळा | ९:५५
आमच्या कॉलेजच्या काळात कॅफेत काउंटर-स्ट्राइक १.६ चा सर्व्हर लावायचो. पोर्ट २७०१५. केबल टाकली, स्विच चालू केला, झालं. आता प्रत्येक गोष्टीला लॉगिन लागतं. पोरांना एका घरात जमवा आणि लॅनवर खेळू द्या, मजा त्यातच आहे.

गोदाकाठ | १०:०४
पुणे, कोल्हापूर आणि नाशिकची पोरं एका घरात जमली असती तर हा धागा काढलाच नसता.
गूगलवर "माझा आयपी" शोधल्यावर जो येतो तो मुलांना दिलाय, तो १०३ ने सुरू होतो. राउटरवर वॅन आयपी १००.८१ असा काहीतरी आहे. यात काय पाहायचं?

बोरकूट | १०:०७
सापडलं. तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे नेटवाल्यांनी एकच पत्ता अनेक घरांत वाटलाय.
१००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवले गेले. आयपीव्ही४ चे पत्ते जगात एकूण सुमारे ४२९ कोटी. आशियातल्या नोंदणी संस्थेचा साठा एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या गठ्ठ्यावर आला. म्हणून नेट देणारे एकाच खऱ्या पत्त्यामागे पुष्कळ गिऱ्हाइकं बसवतात. तो १०३ चा पत्ता तुमचा एकटीचा नाही, त्यांच्या यंत्राचा आहे. वाड्याचा पत्ता लिहिला पण खोली लिहिली नाही की टपाल दारावरून परत जातं, तसं मुलांचं जोडणं तिथूनच परत जातंय. तुमच्या राउटरपर्यंत ते पोचतच नाही, त्यामुळे तिथलं पोर्ट फॉरवर्ड शंभर टक्के बरोबर असूनही निरुपयोगी आहे. व्हिडिओवाल्यांना खरा आयपी असतो, म्हणून त्यांचं चालतं.

गोदाकाठ | १०:१५
मग हे त्यांनी नेट जोडताना का नाही सांगितलं? पोर्ट उघडता येईल ना, असं मी मुद्दाम विचारलं होतं आणि "हो हो, होईल" म्हणाले होते. आता उपाय सांगा.

निळी_शाई | १०:१८
स्टॅटिक आयपी, म्हणजे तुमचा एकटीचा कायमचा पत्ता, मागा. बहुतेक जण वेगळे पैसे घेऊन देतात. पण शुक्रवारी रात्री फोन कोण उचलणार, सोमवार उजाडेल.

सर्किट_सातारा | १०:२२
टेलस्केल टाका. तुमच्या डेस्कटॉपवर आणि प्रत्येक पोराच्या मशीनवर. खाली वायरगार्ड हे व्हीपीएनचं तंत्र आहे, सगळी मशीन एका खासगी जाळ्यात येतात, सीजीनॅट असलं तरी वाट काढतं. पोर्ट फॉरवर्ड काढून टाका, म्हणजे उघड्या इंटरनेटवर तुमचं काहीच राहणार नाही. भावा-बहिणीला त्यांच्या खात्यावर फक्त तुमचा डेस्कटॉप शेअर करा, घरातलं बाकी काही त्यांना दिसणार नाही. मोफत योजनेत किती माणसं बसतात ते आधी पाहून घ्या.

टर्मिनलवाला | १०:२७
टेलस्केल म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या पोरांच्या लॅपटॉपवर व्हीपीएन, त्याला लॉगिन, आणि ते चालू आहे की बंद याचे फोन तुम्हालाच. त्यापेक्षा प्लेइटसारखा टनेल घ्या. एक प्रोग्राम फक्त सर्व्हरच्या मशीनवर चालतो, तुम्हाला एक नाव मिळतं, पोरं तेच टाकतात. त्यांच्या बाजूला काहीही टाकावं लागत नाही.

सर्किट_सातारा | १०:३३
आणि ते नाव कुणालाही उघडं. रात्रंदिवस पत्ते चाळत फिरणारे बॉट आहेत, माइनक्राफ्टचा सर्व्हर दिसला की आत शिरून बघतात. शिवाय टनेलचं सगळं येणं-जाणं त्यांच्या मधल्या यंत्रातून होतं. ते यंत्र परदेशात निघालं तर नाशिकहून पुण्याला जायला समुद्र ओलांडायचा. टेलस्केल शक्य तिथे दोन मशीनना थेट जोडतं.

टर्मिनलवाला | १०:३६
शक्य तिथे. दोन्हीकडे सीजीनॅट असला की तेही कित्येकदा रिलेतून, म्हणजे मधल्या यंत्रातूनच जातं. आणि बॉटसाठी व्हाइटलिस्ट आहे, परवानगी दिलेल्या नावांची यादी.

केतकी_म्युनिक | १०:५१
कुणीच आयपीव्ही६ चं, म्हणजे नव्या लांब पत्त्यांचं, नाव काढलं नाही म्हणून लिहिते. इथे जर्मनीत बऱ्याच घरगुती जोडण्या डीएस-लाइट असतात, म्हणजे आयपीव्ही४ चा स्वतःचा पत्ता मिळतच नाही. मी पुण्यातल्या भावासाठी सर्व्हर आयपीव्ही६ वरच चालवते. त्यात पोर्ट फॉरवर्डची भानगड नाही, राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये त्या एका मशीनसाठी २५५६५ उघडायचा. गेममध्ये पत्ता चौकोनी कंसात टाकायचा आणि पुढे पोर्ट. अडचण एकच, दोन्ही टोकांना आयपीव्ही६ हवं. ताई, राउटरवर दोन किंवा तीनने सुरू होणारा लांबलचक पत्ता दिसतोय का बघा. एफई८० ने सुरू होणारा असेल तर तो धरू नका, तो घरापुरता असतो.

गोदाकाठ | ११:०२
एफई८० वालाच आहे, दुसरा नाही. टेलस्केल टाकतेय.

जाईजुई२ | ११:१०
विषय थोडा वेगळा आहे, पण लहान मुलांना रात्री उशिरापर्यंत स्क्रीनवर बसू देऊ नका. माझ्या मुलीला चष्मा लागलाय. रोजचा एक तास ठरवून द्या.

बोरकूट | ११:१४
जाईजुई२, म्हणूनच तर घरचा सर्व्हर बरा. वेळ संपली की चावी घरातल्यांच्या हातात. कन्सोलवर "स्टॉप" टाइप करायचं, तो जग डिस्कवर लिहून नीट बंद होतो. खिडकी फुलीने बंद करायची नाही आणि मशीनचं बटण तर नाहीच. ताई, लाइट गेली तर डेस्कटॉप इन्व्हर्टरवर आहे का? लिहिता लिहिता वीज गेली तर जगाचा तो तुकडा खराब होऊ शकतो आणि पोरांनी बांधलेलं घर जातं. "वर्ल्ड" नावाचा फोल्डर रोज सर्व्हर थांबवून दुसऱ्या डिस्कवर उतरवा. पेपर असेल तर नेदर आणि एंड या खेळातल्या दुसऱ्या जगांचे फोल्डर वेगळे असतात, तेही घ्या, नुसता "वर्ल्ड" घेऊन भागणार नाही.

अण्णा_रंकाळा | ११:१९
लाइटवरून आठवलं, आमच्याकडे वळवाचा पाऊस आला की लाइट गेलीच. फायबरच्या डबीला आणि राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो घ्या. मी घेतलाय, नेट तासन् तास चालू राहतं.

पाटी_पेन्सिल | ११:३०
लॅग येत असेल तर रॅम वाढवा. सुरू करायच्या ओळीत "एक्सएमएक्स" ला (रॅमची मर्यादा) निदान ६ जीबी द्या. व्ह्यू डिस्टन्स (खेळात किती लांबवर दिसतं तो आकडा) मुळात १० असतो, तो ७ करा.

बोरकूट | ११:३४
लॅगचा प्रश्न कुणी विचारलाच नाहीये. आणि मशीनमध्ये एकूण रॅम किती हे माहीत नसताना ६ जीबी कशी देणार? ८ जीबीचं मशीन असेल तर विंडोज आणि टॅली गुदमरतील. चार-पाच पोरांना ३-४ जीबी पुरते. सर्व्हर सेकंदाला २० टिक करतो, म्हणजे एका टिकला ५० मिलिसेकंद, आणि ते मुख्य काम एकाच कोअरवर होतं. तिथे अडलं तर रॅम ओतून काही होत नाही. व्ह्यू डिस्टन्स कमी करायचं मात्र पटतं.

गोदाकाठ | शनिवार, सकाळी ८:४०
टेलस्केल टाकलं. डेस्कटॉपला त्यानेही १०० ने सुरू होणारा पत्ता दिलाय. हाही सीजीनॅटच का? पुन्हा तेच होणार असेल तर आत्ताच सांगा, पोरं दोन वाजता बसणार आहेत.
दुसरं, भाच्याकडे विकत घेतलेलं खातं नाही. तो म्हणतो "ऑनलाइन मोड" फॉल्स केला की चालतं. करू का?

सर्किट_सातारा | ८:४८
नाही, तो वेगळा. टेलस्केलनेही तीच राखीव मालिका वापरली आहे म्हणून सारखा दिसतो. पोरांना तोच पत्ता द्या, पुढे पोर्ट लिहायची गरज नाही. त्यांच्याकडे टेलस्केल चालू पाहिजे. फायरवॉल चालू केलीत का हे काल विचारलं होतं, उत्तर आलं नाही.

पाटी_पेन्सिल | ८:५२
ऑनलाइन मोड फॉल्स करा, सगळे करतात. व्हाइटलिस्ट लावली की झालं.

टर्मिनलवाला | ८:५७
अजिबात करू नका. ऑनलाइन मोड बंद केला की आलेला माणूस खरंच तोच आहे का हे सर्व्हर कुणालाच विचारत नाही, ओळख नुसत्या नावावरून ठरते. तुमच्या मुलाला ऑप (सर्व्हरचे सगळे अधिकार) दिलं असेल तर त्याचं नाव टाकून येणारा कुणीही ऑप. व्हाइटलिस्टही त्याच नावावर चालते, म्हणजे तिचा उपयोग शून्य. शिवाय ज्यांची खाती खरी आहेत त्यांची ओळख बदलते आणि गोळा केलेलं सामान गायब झालेलं दिसतं. भाच्याला वाढदिवसाला खातं घेऊन द्या, एकदाच पैसे जातात.

सर्किट_सातारा | ९:०१
इथे मी टर्मिनलवाल्यांशी सहमत. टेलस्केलच्या आत बाहेरचा कुणी येणार नाही हे खरं, पण उद्या पुतणीची मैत्रीण, परवा तिचा भाऊ. सवय आधीपासून नीट हवी.

गोदाकाठ | ११:२५
फायरवॉल चालू केली, फक्त २५५६५ ला परवानगी दिली. राउटरवरचं पोर्ट फॉरवर्ड काढलं. ऑनलाइन मोड तसाच ठेवला. पुतणी कोल्हापूरहून आत आली! टेलस्केल पिंग करून पाहिलं, थेट जोडलंय, रिले नाही. मुलगा आणि ती दोघं आत्ताच भिंत बांधत बसलीत.
भाच्याकडे टॅबवर बेडरॉक आहे, ते विकत घेतलेलं आहे, असं आता बहिणीने सांगितलं. तो टॅबवरून यात येऊ शकतो का?

बोरकूट | ११:३१
येऊ शकतो, आणि जावाचं खातंही घ्यावं लागणार नाही. हे काल कळलं असतं तर ऑनलाइन मोडचा वाद झालाच नसता. पेपर आहेच, त्यात गायझर आणि फ्लडगेट असे दोन प्लगइन टाका. गायझर बेडरॉकचं बोलणं जावाला समजेल असं करून देतं, फ्लडगेटमुळे बेडरॉकवाला आपल्या एक्सबॉक्सच्या खात्यावरून आत येतो. ऑनलाइन मोड ट्रूच राहू दे. फायरवॉलमध्ये १९१३२ यूडीपीला वाट द्या, टीसीपी नाही. टॅबवर टेलस्केलचं ॲप टाका, मग बेडरॉकच्या सर्व्हर यादीत तोच १०० चा पत्ता आणि पोर्ट १९१३२. गायझरची ताजी बिल्ड घ्या, बेडरॉक आपोआप अपडेट होतं आणि जुनं गायझर त्याला ओळखत नाही. व्हाइटलिस्ट लावली असेल तर भाच्याचं नाव फ्लडगेटच्या व्हाइटलिस्ट आज्ञेने घाला, त्याच्या नावापुढे एक टिंब लागतं.

गोदाकाठ | दुपारी १:३५
टिंबासकट नाव घातलं, आला आत. बोरकूट, सर्किट, टर्मिनलवाला, खूप आभार. सोमवारी नेटवाल्यांना स्टॅटिक आयपीचे पैसे विचारणार आहे, कारण बहिणीच्या लॅपटॉपवर ऑफिसने नवं काही टाकायला बंदी घातलीय.

अण्णा_रंकाळा | १:५०
ताई, कोल्हापुरात पुतणीकडे नेट कुणाचं आहे? आमच्याकडे रिलेतूनच जातंय, पिंग १८० येतो.

सर्किट_सातारा | १:५८
अण्णा, राउटरमध्ये यूपीएनपी (पोर्ट आपोआप उघडायची सोय) चालू आहे का? आणि वॅन आयपी कितीने सुरू होतो?