पुण्याच्या सिटी चर्चच्या जुन्या कागदांबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चची सुरुवात १७९२ची. पेशव्यांच्या फौजेत पोर्तुगीज आणि गोव्याकडचे ख्रिस्ती सैनिक होते. त्यांना प्रार्थनेसाठी जागा नव्हती, म्हणून सवाई माधवरावांनी ती जमीन दिली. फौजेतले अधिकारी दों मिगेल द नोरोन्या यांनी यात पुढाकार घेतला होता. आज दिसते ती इमारत नंतरची, १८५२ची.

आमचे पूर्वज याच फौजेत होते, असं आजी सांगायची. तिच्या पत्र्याच्या पेटीत पणजोबांच्या बाप्तिस्म्याचा दाखला सापडलाय. घड्यांवर कागद फाटलाय, शाई तपकिरी पडलीय, मजकूर पोर्तुगीज. आडनाव तेवढं लागतं, गावाच्या नावाची फक्त पहिली दोन अक्षरं उरलीत. ते गाव कळलं तर आमचं मूळ सापडेल, म्हणून जीव तुटतो.

पुण्याच्या पेशवे दप्तरात, म्हणजे पेशवेकाळातल्या सरकारी कागदांच्या संग्रहात, या जमिनीच्या सनदेचा मोडी कागद कुणी पाहिलाय का? फौजेतल्या ख्रिस्ती शिपायांच्या हजेऱ्या कोणत्या रुमालात (कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात) शोधाव्यात? जुनं पोर्तुगीज हस्ताक्षर वाचणारं कुणी पुण्यात किंवा गोव्यात असेल तर कृपया कळवा. मोडी मी थोडीफार वाचते, दप्तरात बसायची तयारी आहे.