मदत हवी आहे: विनोदी नाचातलं पडणं प्रेक्षकांना खरा अपघात वाटतं

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. इथल्या गणेशोत्सवात मी आणि माझा ११ वर्षांचा मुलगा ४ मिनिटांचा मूक विनोदी नाच करणार आहोत. कल्पना सुचली 'स्टॅव्ह्रोस फ्लॅटली'वरून. २००९ च्या 'ब्रिटन्स गॉट टॅलेंट' या टीव्हीवरच्या कलागुण स्पर्धेत चौथी आलेली ही ग्रीक-सायप्रियट वंशाची बापलेकांची जोडी. आयरिश नाचात मध्येच ग्रीक ठेका घुसतो, उघड्या अंगाचा जाडजूड बाप आणि शाळकरी मुलगा बेभान होतात. दोघंही जीव ओतून नाचतात, म्हणूनच ते इतकं भावतं, असं मला वाटतं.

आमच्याकडे लेझीम आहे. मुलगा अचूक, मी अर्धा ठेका मागे, आणि शेवटी माझा तोल जाऊन मी पडतो. तालमीत लहान मुलं खदखदून हसली, पण दोन आजी "अहो, लागलं का?" म्हणत धावत आल्या आणि सगळा रंग गेला. पडताना ढोलकीची थाप घेऊन पाहिली, चेहऱ्यावर अतिशयोक्ती केली, पडण्याचा वेगही कमी केला. फरक पडला नाही.

अडचणी: संवाद नकोत, कारण निम्म्या मुलांना मराठी कळत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे उडी नाही. जमीन लाकडी, गादी टाकता येणार नाही. लेझमीची टिंगल तर अजिबात नको.

लोकनाट्य, सर्कस किंवा बालनाट्य केलेल्यांनी सांगावं: हे पडणं ठरवलेलं आहे, हे प्रेक्षकांना पडण्याच्या आधीच कसं कळवायचं?